मिसचा तो गोल

डोंबिवलीला मानपाड्याच्या बाजूला, कारखान्यांच्या मागे एक मैदान आहे. अर्धं गवत, अर्धी खडी. तिथे मी मिसना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या डोक्यावर हेल्मेट होतं. स्कूटर केव्हाच झाडाखाली लावलेली, पण हेल्मेट काढायचं राहून गेलेलं, आणि तशाच त्या वीसेक मुलींना ओरडून काहीतरी सांगत होत्या. आवाज आतल्या आत घुमत होता. कुणाला एक शब्द कळत नव्हता आणि सगळ्या जणी माना डोलवत होत्या.

पप्पा म्हणाले, "ह्या इंडियाकडून खेळलेल्या आहेत. स्ट्रायकर."

मी तेरा वर्षांची होते. इंडियाकडून खेळलेली माणसं टीव्हीत राहतात असा माझा समज होता. त्यातली एक खिळखिळ्या स्कूटरवरून, भावाचा वाटावा असा बुशशर्ट घालून मानपाड्याला येईल हे काही पटेना. पण पप्पा तिथल्याच एका कंपनीत शिफ्टला होते, जाता-येता त्यांनी हा सगळा कारभार महिनाभर पाहिला होता आणि त्यांचं ठरलं होतं. पोरगी खेळली तर पुढे खेळाडू कोट्यातून नोकरी लागेल. आम्ही कोपरला राहायचो. दुसऱ्या दिवसापासून मी शाळा सुटली की रोज मैदानावर.

मिसना शिट्टी चालत नसे. "शिट्टी पोलिसाची," म्हणायच्या. त्यांच्या पिशवीत एका स्टीलच्या डब्याचं झाकण असायचं, ते त्या चमच्याने वाजवायच्या. एकदा वाजलं की थांबायचं, दोनदा वाजलं की पळायचं. सुरुवातीला शेजारच्या कंपनीतले कामगार जेवणाची सुट्टी झाली समजून बाहेर आले होते, असं पप्पा सांगत. ते खरं की पप्पांनी लावलेला मसाला, मला माहीत नाही.

मॅच कुठेही असो, मिस तासभर आधी पोचायच्या, चपला काढायच्या आणि अख्खं मैदान अनवाणी चालायच्या. पायाला लागेल तो दगड, काच, बाटलीचं बूच उचलून खिशात. मॅच सुरू होईपर्यंत बुशशर्टाचे दोन्ही खिसे लोंबायला लागलेले असायचे. समोरच्या टीमचे कोच हसायचे. मिस त्यांच्या बाजूचेही दगड वेचायच्या. मी एकदा विचारलं, त्यांच्या बाजूचे कशाला? तर म्हणाल्या, "पडणारी पोर कुणाची हाय, ते दगडाला कळत नाय गो."

स्वतः स्ट्रायकर, पण स्ट्रायकर लोकांवर त्यांचा भारी राग. "सगळ्यांत आळशी माणूस पुढे उभा करतात. मी होते ना, मला माहीत हाय." जिला पुढे खेळायचं असेल तिने पहिले तीन महिने गोलच्या मागे उभं राहायचं आणि गेलेले बॉल आणून द्यायचे. मी ते काम साडेचार महिने केलं. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी कंटाळून मी तोंड वाकडं केलेलं त्यांनी पाहिलं होतं.

पण सगळ्यांत विचित्र नियम डोक्याचा. सोळा वर्षं पूर्ण होईपर्यंत कुणी डोक्याने बॉल मारायचा नाही. कॉर्नरवरून उंच बॉल आला की आमची टीम वरून काही सांडल्यासारखी बाजूला सरकायची. ठाण्यातल्या एका शाळेचे पालक आम्हाला 'वाकड्या मानेच्या पोरी' म्हणायचे. त्या एका नियमापायी आम्ही किती गोल खाल्ले! तक्रार केली की मिस म्हणायच्या, "खाल्ले तर खाल्ले. पचतील."

आणि त्यांचे ते प्रश्न. खेळ ऐन रंगात आला की झाकण वाजायचं आणि मिस कुणा एकीला गाठून विचारायच्या, "काय गो, सकाळी काय खाल्लंस?" किंवा, "वर्गात खिडकीजवळ कोण बसते?" उत्तर अडखळलं तर सावलीत बसायचं, त्या दिवशी खेळ बंद. आमचं लक्ष आहे का ते बघतात, असं आम्ही धरून चाललो होतो. नव्या मुली आल्या की आम्ही त्यांना आधीच बजावायचो, येताना नीट आठवून ये, काय खाल्लंस ते.

मिस ठाण्यातल्या जुन्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्ती, घरातल्या. एके काळी त्यांची भाताची शेती होती, खाडीवर मासळी होती. चार भाऊ फुटबॉल खेळायचे आणि अकरावा गडी कमी पडला की बहिणीला उभी करायचे. हळूहळू अकराव्या गड्यासाठी समोरच्या टीम भांडायला लागल्या. तिथून त्या जिल्ह्याकडून, राज्याकडून आणि मग इंडियाकडून खेळल्या. सगळं मिळून सहा वर्षं. पुढे एका सरकारी ऑफिसात नोकरी, आणि नोकरी सांभाळून आमच्यासारख्यांना शिकवणं. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर, "राहून गेलं," म्हणायच्या, हेल्मेट काढायचं राहून जावं त्याच सुरात.

त्यांच्या घरी भिंतीवर येशूच्या तसबिरीखाली वर्तमानपत्राचं एक पिवळं कात्रण फ्रेम करून लावलेलं होतं. परदेशातली एक स्पर्धा, इंडिया एक विरुद्ध शून्यने जिंकलेली, आणि तो एक गोल मिसचा. फोटोत मुलींनी त्यांना खांद्यावर उचललेलं. जिथे जिथे मिसचा सत्कार व्हायचा तिथे लोक म्हणायचे, "मॅडम, त्या गोलबद्दल सांगा ना."

मिस सांगायच्या. शाळेच्या गॅदरिंगला त्यांनी तो डाव्या पायाने, तीस यार्डांवरून मारला. नौपाड्यातल्या गणेशोत्सवात दोघींना चकवून उजव्या पायाने. एका ख्रिसमस पार्टीत हवेत झेप घेऊन. एका पत्रकाराला म्हणाल्या, गोलकीपर घसरली, मी नुसता ढकलला. आम्ही मुली मागे बसून खुदुखुदु हसायचो. मी एकदा धीर करून विचारलं, "मिस, खरा कुठला?" तर गालावर चापट मारून म्हणाल्या, "ज्याला जसा आवडतो तसा त्याला देते."

मी सतरा वर्षांची झाले त्या वर्षीची गोष्ट. ठाण्याला मॅच होती आणि राज्याच्या संघासाठी निवड करणारे दोघे जण येऊन बसले होते, मांडवाखाली, खुर्च्या टाकून. पप्पांनी रजा घेतलेली. सकाळी मैदानावर पोचले तेव्हा मिसचं अर्धं मैदान चालून झालं होतं.

"काय खाल्लंस?"

"रात्रीची भाकरी आणि सुकटीची चटणी."

"शाब्बास. आता कुणी अडवत नाय तुला."

पहिल्या अर्ध्यात मी गोल मारला. मांडवाखालच्या एकाने वहीत काहीतरी लिहिलेलं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या अर्ध्यात कॉर्नरला मी उडी मारली, त्यांच्या एका मुलीनेही मारली, आणि दोघींची डोकी एकमेकांवर आपटली. पडले, पण लगेच उठले. रक्त नाही, चक्कर नाही. मी हात वर करून दाखवलं, ठीक आहे म्हणून. तेवढ्यात झाकण वाजलं. रेफरीची परवानगी घेऊन मिस आत आल्या.

"सकाळी काय खाल्लंस?"

"पोहे."

"नक्की?"

"हो मिस. लिंबू पिळून."

मिसनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बेंचकडे बघून खूण केली. "बाहेर."

मी ऐकेना. मैदानावर, सगळ्यांसमोर मी मिसना म्हणाले, तुम्ही वेड्या आहात. पप्पा धावत आले. "मॅडम, सिलेक्टर बसलेत! पोरगी चालतेय, बोलतेय, काय झालंय तिला?"

"बोलतेय," मिस म्हणाल्या. "पण चुकीचं बोलतेय. आणि चुकीचं बोलतेय ते तिला ठाऊक नाय."

आम्ही दोन-एकने हरलो. मांडवाखालचे दोघे आमच्याकडे न बघता निघून गेले. मिसनी रिक्षा केली आणि मला नौपाड्यात स्कॅनसाठी नेलं. मी आणि पप्पा बाकावर, मिस दोन तास उभ्या. त्यांना कुणी बसा म्हटलं तर ऐकूच जात नव्हतं. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "स्कॅन साफ आहे. आत काही नाही."

मिस तिथेच फरशीवर मांडी घालून बसल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग एकदम उठल्या, डॉक्टरांचे दोन्ही हात धरून हलवले, तरातरा बाहेर गेल्या आणि मोठा पुडा बर्फी घेऊन आल्या. अख्ख्या वेटिंग रूमला वाटली. एका गृहस्थाचे दोन्ही हात प्लास्टरमध्ये होते, त्यांना भरवली. त्या गृहस्थांना वाटलं, बाईंना नातू झाला. त्यांनी अभिनंदन केलं. मिस म्हणाल्या, "थँक्यू, थँक्यू."

पप्पा बर्फी हातात धरून तसेच बसले होते. "म्हणजे काही झालेलंच नव्हतं," ते म्हणाले.

डॉक्टरांनी ऐकलं. "मेंदूला हादरा बसलाय. तो स्कॅनमध्ये दिसत नाही. सकाळचं तिला आठवत नाहीये ना? आज लागोपाठ दुसरा धक्का बसला असता तर मी तुमच्याशी वेगळं बोललो असतो. महिनाभर खेळ बंद."

पप्पांनी बर्फी खाल्ली. मी नाही खाल्ली. महिना संपला तरी मी मैदानावर गेले नाही. चार महिने गेले नाही. माझ्या हातातलं काहीतरी मिसनी काढून घेतलं होतं आणि वर त्याची बर्फी वाटली होती, असंच माझ्या डोक्यात बसलं होतं.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी मिस आमच्या कोपरच्या घरी आल्या. हातात डबा, डब्यात फुगे. त्यांच्याकडे नाताळला आंबवलेल्या पिठाचे गोल गोळे तळतात, ते. मम्मीने चहा टाकला. मिस खाटेवर बसल्या, इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग माझ्याकडे वळल्या.

"तो गोल मला आठवत नाय," म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही, कुठला गोल.

"त्या मॅचमध्ये माझं डोकं आपटलेलं, तुझं आपटलं तसंच. आदल्या रात्रीचं जेवण आठवतं. मग एकदम आमच्या घरातली खाट, आणि आई कपाळावर ओली पट्टी ठेवतेय. मधले पाच दिवस नाय. विमान नाय, गळ्यातले हार नाय, गोल नाय. लोक सांगा सांगा म्हणतात. नाय आठवत म्हटलं की त्यांची तोंडं उतरतात. म्हणून मी मारते एकेक."

"मग तुम्हाला बाहेर कसं नाही काढलं?"

मिसचा चेहरा बदलला. "आमचे सर होते. त्यांनी नाय काढलं. त्यांना जिंकायचं होतं." चहाचा कप त्यांनी खाली ठेवला. "पुढे तीन वर्षं डोकं दुखायचं. उजेड सहन होत नसे. पुन्हा इंडियात घेतलं नाय मला. सव्वीस वर्षांची होते मी."

मम्मी कपबशी हातात घेऊन दारात उभी राहिली होती. मी एक फुगा तोंडात टाकला, मग दुसरा, आणि डबा संपवूनच थांबले. दुसऱ्या दिवशी मानपाड्याला गेले. मिसनी आठवडाभर मला गोलच्या मागे उभं करून बॉल आणायला लावले.

राज्याच्या संघात मला कधीच घेतलं नाही. पुढच्या वर्षी प्रयत्न करून पाहिला, त्याच्या पुढच्या वर्षीही पाहिला. कॉलेजकडून खेळले, आणि मग सुटलं. आता मी नौपाड्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते. मिसचं घर तिथून चालत पंधरा मिनिटांवर, त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी जाणं होतं.

दोन वर्षांपूर्वी ठाण्याला जुन्या खेळाडूंचा एक सत्कार होता. मिस छानशी साडी नेसून आल्या होत्या, जे मी आयुष्यात दोनदा पाहिलंय. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. स्टेजवर प्रमुख पाहुणे येऊन बसले. उंच, काटकुळे, पांढरेशुभ्र केस, हातात काठी. मिस उठल्या. "तू घे माझं," म्हणाल्या आणि मागच्या दाराने निघून गेल्या. नाव पुकारलं तेव्हा मी स्टेजवर गेले. पाहुण्यांनी शाल माझ्या हातात देताना हळूच विचारलं, "ती आली नाही?"

"बरं नाहीये त्यांना."

"आली होती," ते म्हणाले. "मी पाहिलं." आणि सुटत असलेली शालीची घडी त्यांनी पुन्हा नीट करून दिली. तेच सर, हे मला कुणी सांगायची गरज उरली नाही.

आता ह्या वर्षीचं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी मोबाइलवर असंच काहीतरी शोधत होते. परदेशातल्या कुणीतरी घरातली जुनी टेप सापडली म्हणून नेटवर चढवली होती. चित्र धुरकट, भाषा अनोळखी. पण निळ्या जर्सीतली नऊ नंबरची मुलगी बॉलकडे धावली आणि मी तिच्या धावण्यावरून तिला ओळखलं. मी ते लगेच बंद केलं. मिसच्या आधी आपण कसं बघायचं?

ऑफिस सुटल्यावर थेट त्यांच्या घरी गेले. सगळं ऐकून मिसनी चष्मा काढून पदराने, म्हणजे बुशशर्टाच्या टोकाने, पुसला. मोबाइल आम्ही तांब्याला टेकवून उभा केला.

बराच वेळ नुसता खेळ. मग उंच बॉल आला, दोघी उडाल्या, आणि नऊ नंबर पडली. उठून बसली. तेवढ्यात मैदानाच्या कडेला एक उंच, काटकुळा माणूस धावत आला. त्याच्या बाजूला जॅकेट काढून तयार असलेली दुसरी मुलगी. तो दोन्ही हातांनी बोलवत होता, बाहेर ये, बाहेर ये. एका खेळाडूने नऊ नंबरचा दंड धरला. नऊ नंबरने तो झटकला. मग ती सरळ त्या माणसापर्यंत चालत गेली, हात जोडले, मान जोरजोरात हलवली. त्याने तिला धरायला हात पुढे केला तर तिने त्याच्या छातीवर हात मारून त्याला मागे ढकललं आणि धावत परत आत गेली. तो माणूस डोक्याला हात लावून तिथेच उभा राहिला. दुसऱ्या मुलीने जॅकेट पुन्हा चढवलं.

"पुन्हा दाखव," मिस म्हणाल्या.

मी दाखवलं. त्यांनी आणखी एकदा बघायला मागितलं.

"ढकललं मी सरांना," त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक. "ते बोलवत होते गो. आणि मी एवढी वर्षं काय सांगत बसले?"

मी बंद करू का विचारलं. नको म्हणाल्या. पुढे शेवटच्या मिनिटांत कॉर्नर, गर्दी, बॉल कुणाच्या तरी पायाला लागून नऊ नंबरच्या गुडघ्यावर आदळला आणि आत गेला. नऊ नंबरला पत्ताच नाही. ती वळून भलत्याच दिशेला धावायला लागली, तेव्हा बाकीच्यांनी तिला पकडून उचललं.

मिस दोन क्षण मोबाइलकडे बघत राहिल्या आणि मग जे हसायला लागल्या! खुर्चीच्या दांड्याला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "गुडघा! देवा, गुडघा! आणि मी तीस यार्डांवरून मारतेय!" हसणं थांबलं तरी पाणी थांबलं नाही. बऱ्याच वेळाने डोळे पुसून म्हणाल्या, "ऑफसाइड वाटते मला."

"नाही हो मिस."

"मला शिकवू नको. ऑफसाइड."

रविवारी आम्ही कल्याणला गेलो. सरांचा पत्ता मी त्या सत्कारवाल्यांकडून मिळवला होता. दुसरा मजला, लिफ्ट नाही. पहिल्या मजल्यावर मिस थांबल्या, कठडा धरून म्हणाल्या, "जाऊ या का परत?" मी पुढची पायरी चढले. त्या चढायला लागल्या.

सुनेने दार उघडलं. सर गॅलरीजवळ खुर्चीत बसले होते. मिसना पाहून काठीसाठी चाचपडत उठायला लागले.

"बसा सर, बसा." मिस त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या, शाळकरी मुलीसारख्या. "मी तुमच्या छातीवर हात मारला होता. परवा त्या मॅचच्या टेपमध्ये पाहिलं."

"मारला होतास," सर म्हणाले. "चांगला लागला होता."

"आणि मी सगळ्यांना सांगत आले, सरांनी मला काढलं नाय."

"मग बरोबरच सांगितलंस. नाही काढलं."

"तुम्ही काढत होतात! मीच नाय म्हणाले!"

"अगं, तू शुद्धीवर होतीस का तेव्हा? डोक्याला लागलेल्या माणसाला विचारून ठरवायचं असतं का?" सर खुर्चीत पुढे सरकले. "तू नाही म्हणालीस आणि मी ऐकलं, कारण मलाही तेच ऐकायचं होतं. नऊ नंबर बाहेर गेली तर मॅच गेली, हे मला दिसत होतं. त्यानंतर तुझ्या तब्येतीचं कळत गेलं. तुझ्या दाराशी यायचं धाडस झालं नाही. मनातल्या मनात मात्र मी तुला रोज बाहेर काढतोय."

"चूक माझी हाय, सर."

"माझी आहे."

"माझी म्हटलं ना!"

"मी कोच होतो की तू?"

आवाज इतके चढले की सून हात पुसत बाहेर आली. "बाबा, काय झालं? भांडताय कशाला?"

"भांडत नाही," सर म्हणाले. "वाटून घेतोय."

मिस मटकन शेजारच्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी सरांचा हात हातात घेतला. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. सुनेने आणलेला चहा निवून गेला. मग मी विचारलं, "सर, तो गोल ऑफसाइड होता का हो?"

"एक पाऊल भरून," सर म्हणाले. "लाइन्समन सोडून सगळ्यांना दिसला."

"बग!" मिसनी माझ्या मांडीवर फटका मारला. "सांगितलं होतं ना तुला!" गोल मारल्याचा आनंद त्यांच्या वाट्याला आलाच नव्हता. ऑफसाइड निघाल्याचा मात्र त्यांनी पुरेपूर करून घेतला.

निघालो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. जिना उतरून आम्ही रस्त्यावर आलो, तर वरून हाक आली. सर गॅलरीत येऊन कठड्याला धरून उभे होते.

"पुढच्या रविवारी जेवायला ये. मासे करायला सांगतो."

"सर, तुम्ही मासे खात नाय!" मिस खालून ओरडल्या. येणारे-जाणारे बघायला लागले.

"तू खातेस ना?" सर म्हणाले. "मी समोर बसेन."